ऐकलं, गळती नाही

कानसेनला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघत नसे. त्यात कानांचा दोष नव्हता, त्या नावाची सवयच सुटली होती. बत्तीस वर्षं गाड्या दुरुस्त करणाऱ्या या माणसाला हे नाव एका ट्रकवाल्याने चिकटवलं. ट्रकवाला आला होता हॉर्नची तक्रार घेऊन. ट्रक फाटकातून आत वळत होता, तेवढ्यात हा हातातला पाना खाली न ठेवता म्हणाला, "हॉर्नचं नंतर बघू, मागचं डावं बेअरिंग गेलंय." चाक उतरवलं तर बेअरिंगचा चुरा ओंजळीत आला. ट्रकवाल्याने ती गोष्ट प्रत्येक पेट्रोल पंपावर सांगितली आणि महिन्याभरात हा गावाचा कानसेन झाला.

त्याचं खास हत्यार म्हणजे हातभर लांबीची रबरी नळी. एक टोक कानाला लावायचं, दुसरं चालू इंजिनावरून सावकाश फिरवायचं. कुठे हवा गळत असली, कुठे झडप कुरकुरत असली, की नळी तिथे आल्यावर तो डोळे मिटून मान हलवायचा. त्याच्याबरोबर गॅरेजात काम करणारा त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ (वय पन्नास, तरी घरात अजून धाकटाच), दोन वर्षांपासून मागे लागला होता, की धूर सोडून गळती शोधायचं यंत्र घेऊ या. "ज्याला डोळ्यांनी ऐकायचंय त्याने घ्यावं," असं म्हणून कानसेनने तो विषय उडवून लावला होता.

मात्र गेली तीनेक वर्षं लोकांना काय झालं होतं कुणास ठाऊक. सगळे पुटपुटायला लागले होते. गिऱ्हाइकं पुटपुटत, टीव्हीवरचे बातम्या देणारे पुटपुटत, फोन तर नव्याने घेतला तरी खराबच निघाला. बायको एकतर पुटपुटायची, नाहीतर अंगावर आल्यासारखी ओरडायची, मधलं काही नाही. "कान दाखवून या एकदा," असं ती दोनदा ओरडली, तेव्हा याने तिला सकाळीच ऐकलेल्या गिअरबॉक्सची हकिकत सांगितली. गिअरबॉक्सची घरघर त्याने वीस पावलांवरून ओळखली होती आणि ते खरंही होतं.

याच काळातली आणखी एक गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली होती. गॅरेज घरापासून चालत दहा मिनिटांवर. पूर्वी तो रोज दुपारी घरी जेवायला जायचा. मग एक दिवस बायकोने निघताना हातात डबा ठेवला. दुसऱ्या दिवशीही ठेवला. मग रोजच. दुपारच्या वेळी नवरा घरात नको झाला असेल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. विचारलं नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी असलं काही विचारायला माणसाला लाज वाटते. तो गॅरेजच्या पायरीवर बसून डबा खायचा आणि रिकामा डबा संध्याकाळी मुकाट ओट्यावर ठेवायचा.

त्या दिवशी सकाळी सिस्टरची गाडी आली. सिस्टर म्हणजे घरोघरी जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी, इंजेक्शनं बघणारी नर्स. पन्नाशीची, चालणं भरभर आणि बोलणं त्याहून. गाडी तीन लाख चौऱ्याहत्तर हजार किलोमीटर पळलेली. मेहुण्याच्या हिशेबाने चंद्रावर पोहोचायला फक्त दहा हजार उरले होते. पंधरवड्यात ही तिची तिसरी खेप.

"मिस्त्री, काल चौकात बंद पडली," ती उतरता उतरता म्हणाली. "सिग्नलला थांबले की थरथरते, गचके देते आणि गप. पळताना काही नाही. आणि तो पिवळा दिवा परत लागलाय."

मेहुण्याने स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर जोडली. ही त्याची बाजू. पण स्कॅनरच्या बाबतीत कानसेनचा एक कडक नियम होता आणि तो मेहुण्यालाही मोडायची मुभा नव्हती. पिवळा दिवा घालवायचं बटण कुणी आधी दाबायचं नाही. ते दाबलं की दिवा जातो, पण गाडीच्या कॉम्प्युटरने महिनोन्‌महिने जे शिकून ठेवलेलं असतं, तेही पुसलं जातं. म्हणून आधी आकडे कार्डावर उतरवायचे. प्रत्येक गाडीचं एक कार्ड होतं आणि सगळी कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होती.

त्यातला महत्त्वाचा आकडा फ्युएल ट्रिमचा. प्रकार तसा साधा आहे. किती हवेला किती पेट्रोल, हा कारखान्याने घालून दिलेला हिशेब असतो. धुराच्या नळीतल्या ऑक्सिजन सेन्सरने कॉम्प्युटर तिथला वास घेत असतो. हवा जास्त झाल्याचं दिसलं की तो हिशेबापेक्षा थोडं जास्त पेट्रोल सोडतो, कमी झाली की हात आखडतो. किती टक्के जास्त, किती टक्के कमी, तेच हे ट्रिम. आकडे दोन असतात. एक आत्ता या क्षणाचा, दुसरा सवयीचा. रोजच थोडं जास्त सोडावं लागलं, की कॉम्प्युटर त्याची सवयच करून घेतो आणि गाडी कुरकुर न करता चालत राहते. चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पाचाच्या आत असलं तर छान, म्हाताऱ्या गाडीला दहापर्यंत माफ.

"सवयीचा आकडा अधिक चोवीस," मेहुणा मोठ्याने म्हणाला. कानसेनशी तो नेहमी मोठ्यानेच बोलायचा. "रेस देऊन अडीच हजार फेऱ्यांवर नेली की सहा. मागच्या वेळेसारखंच. नवा ऑक्सिजन सेन्सर टाकून काहीही फरक नाही."

असे आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात आणि हे कानसेनला झोपेतही सांगता आलं असतं. हवा मोजणाऱ्या सेन्सरला चकवून पुढे कुठूनतरी चोरवाटेने हवा आत घुसतेय. जागेवर उभ्या गाडीला हवाच थोडी लागते, त्यामुळे चोरीचा वाटा मोठा दिसतो. रेस दिली की खरी हवा भरपूर येते आणि चोरीची त्यात बुडून जाते. पेट्रोलचा पंप दमला असता तर उलट झालं असतं, पळताना आकडा चढला असता. म्हणजे गळती. पण गळती असती तर ती वाजली असती, आणि वाजली असती तर त्याला ऐकू आली असती. म्हणून गेल्या खेपेला त्याने सेन्सर बदलला होता आणि त्याआधी हवेचा सेन्सर धुऊन बसवला होता. दोन्ही कामं मन लावून केलेली आणि दोन्ही फुकट.

त्याने नळी कानाला लावली. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या कडेने, प्रत्येक जोडाशी थांबत, पाच मिनिटं फिरवली. डोळे मिटले. इंजिनाची धपधप ऐकू येत होती, टॅपेटची टकटक थोडी, बाकी शांत.

"ऐकलं. गळती नाही," तो म्हणाला आणि कार्ड काढायला डब्याकडे वळला.

"भावोजी, स्प्रे मारून बघू का एकदा मागच्या बाजूला?" मेहुण्याने विचारलं. स्प्रे गळतीतून आत ओढला गेला, की इंजिनाची चाल बदलते.

"ऐकलं म्हणालो ना!"

सिस्टर ड्रायव्हरच्या सीटवर दार उघडं टाकून बसली होती. तिने मान बाहेर काढली. "कसली गळती शोधताय?"

"हवेची. पण नाहीये," कानसेन म्हणाला.

"हवेची म्हणजे ती बारीक शिट्टी? कुकर वर यायच्या आधी सूं करतो तशी? ती तर येतेच आहे की."

मेहुणा एकदम स्कॅनरची वायर गुंडाळायला लागला, जोडलेली असतानाच.

"कधी येते?" कानसेनने विचारलं.

"आत्ता. आत्ता येतेय ना. दोन वर्षं झाली असतील सुरू होऊन. पहिल्यांदा मी विचारणारच होते. पण तुम्ही नळी लावून ऐकलंत आणि म्हणालात, सगळं ठीक. म्हटलं, कानसेनला ऐकू आली असणारच. त्याला चालतेय म्हणजे चालत असेल. मग मी गाडीचा आवाजच धरून चालले तो."

कानसेनच्या हातात तिच्या गाडीचं कार्ड होतं. त्याने ते वाचलं. अक्षर त्याचंच. दोन लाख अठ्ठ्याण्णव हजार किलोमीटर, सवयीचा आकडा पाच. मग नऊ. मग तेरा. मग अठरा. या पंधरवड्यात दोनदा चोवीस. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी, ठसठशीत, त्याच्याच हाताने लिहिलेलं: ऐकलं, गळती नाही.

तोंडात मारल्यासारखा तो उभा राहिला. आकडा दोन वर्षं पायरी पायरीने वर चढत होता, त्याने स्वतः तो लिहून घेतला होता आणि प्रत्येक वेळी त्याच्यापुढे आपल्याच हाताने शिक्का मारला होता. दुसऱ्या कुणी असं कार्ड दाखवलं असतं, तर त्याने त्या माणसाला गाढव म्हटलं असतं.

"कुठून येते?" त्याने विचारलं. आवाज नेहमीसारखा ठेवायचा त्याने प्रयत्न केला. "उतरा आणि दाखवा."

सिस्टर उतरली, बॉनेटखाली वाकली आणि मान तिरपी करून बोट दाखवलं. मॅनिफोल्डच्या मागे, हात कसाबसा जाईल अशा बेचक्यात अंगठ्याएवढा वाकडा रबरी पाइप होता. वरून बघितलं तर धडधाकट. कानसेनने हात आत घातला आणि पाइपाची खालची बाजू बोटाने चाचपली. रबर पापडासारखं वाळलं होतं आणि चांगली नखभर चीर होती. चिरेवर बोटाच्या टोकाला हवेची ओढ लागली. त्याने पाइप चिमटीत दाबला.

"थांबली," सिस्टर म्हणाली.

त्याने सोडला. "आली." दाबला. "थांबली."

त्याच्यासाठी काहीही थांबलं नव्हतं आणि काहीही सुरू झालं नव्हतं. त्याने मेहुण्याच्या हातातल्या पडद्याकडे बघितलं. पाइप दाबला की या क्षणाचा आकडा झरझर खाली, उणे अठरावर. सोडला की परत वर. आपलाच धंदा आपल्याला पडद्यावर वाचावा लागतोय, हे त्याला फार लागलं. बोट पोळायला लागलं तेव्हा कुठे त्याने हात काढला.

सिस्टर त्याच्याकडे बघत होती, आजाऱ्याकडे बघावं तशी. "मिस्त्री, गाडी बंद करा. आणि इकडे पाठ करून उभे राहा."

तो उभा राहिला. शाळेत उभं केल्यासारखा.

"ऐकू येतंय?"

"काय?"

"मी तुमच्या उजव्या कानापाशी बोटांवर बोटं चोळतेय. आता डाव्या. येतंय?"

फळीवरचं घड्याळ, रस्त्यावरच्या गाडीची घरघर, सगळं येत होतं. बोटं नव्हती.

"नाही," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने हा शब्द आपल्या कानांबद्दल वापरला.

"घाबरायचं कारण नाही. बारीक आवाज गेलेत, जाड आवाज शाबूत आहेत. हातोडे आणि ग्राइंडर यांच्यात आयुष्य काढणाऱ्यांचं असंच होतं. म्हणून तर तुमचं तुम्हाला कळलं नाही. उद्या तपासून घ्या. उद्या म्हणजे उद्या."

पाइप बदलायला अर्धा तास लागला. सेन्सर जुनाच परत बसवला, कारण त्या बिचाऱ्याचा काहीच गुन्हा नव्हता. गाडी चालू केली, थरथर गेली. पण सिस्टरने पडद्यात डोकावून बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "अजून चोवीसच दाखवतंय की."

"ती सवय आहे. दोन वर्षं जास्त पेट्रोल सोडायची सवय लागलीय तिला. भोक बुजलं हे तिला अजून पटलेलं नाही."

"मग पुसून टाका ना."

"पुसता येतं. पण मला बघायचंय, ती आपणहून खाली येते का. आली तर दुरुस्ती खरी. दोन-तीन दिवस चालवा आणि या."

ती गेल्यावर कानसेनने पत्र्याचा डबा पायरीवर पालथा केला. शंभरेक कार्डं होती. ज्यांच्यावर आकडा चढत गेला होता आणि शेवटी तेच तीन शब्द होते, ती त्याने बाजूला काढली. नऊ भरली.

"अकरा होती," मेहुणा शेजारी बसत म्हणाला.

"काय?"

मेहुण्याने आवाज चढवला. "अकरा होती. दोन गाड्यांना मी तुमच्या मागे स्प्रे मारून बघितला आणि गळती बंद केली. तुम्ही जेवत होतात तेव्हा."

कानसेनचा चेहरा लाल झाला. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"एकदा सांगायला गेलो. तुम्ही म्हणालात, माझ्या गॅरेजात मला ऐकायला शिकवू नकोस. ताईला म्हटलं, तर ती म्हणाली, राहू दे, कानच त्यांचा जीव आहे."

तो संतापला, पण संताप काढायला समोर कुणी अपराधी सापडेना. सगळे आपापल्या परीने थोडं जास्त सोडत आले होते आणि त्याची गाडी कुरकुर न करता चालत होती. त्याने डोळे पुसले आणि मेहुण्याला नऊ नंबर लावायला सांगितले. फोनवर त्याला धड ऐकू येत नसे, पण या वेळी ऐकायचं काही नव्हतं. "मी कानसेन बोलतोय. मागच्या वेळी मी गळती नाही म्हणालो, ते चुकलं होतं. गाडी घेऊन या." नऊ वेळा हेच म्हणून झालं. एक रिक्षावाला म्हणाला, की मग आता नाव बदलायला हवं तुमचं. "बदला," कानसेन म्हणाला. मेहुण्याला त्याने धुराचं यंत्र मागवायला सांगितलं आणि तो हात धुवायला उठला.

तपासणीच्या खोलीच्या भिंती गादीसारख्या मऊ होत्या. आवाज आला की बटण दाबायचं. तो बराच वेळ बटण हातात धरून नुसता बसला होता आणि काचेपलीकडची मुलगी त्याच्याकडे बघून हसत होती, त्यावरूनच त्याला कळलं की आवाज येऊन गेले. शेवटी कागदावर रेघ निघाली. डावीकडे, जाड आवाजांच्या बाजूला, सपाट, मग उजवीकडे, बारीक आवाजांकडे, जिना उतरावा तशी खाली. रेघ वाचायला त्याला कुणाची गरज लागली नाही.

पंधरा दिवसांनी दोन्ही कानांमागे यंत्रं बसली. सिस्टरची गाडी त्याआधीच दोनदा येऊन गेली होती. चोवीसचा आकडा आधी पंधरावर आणि मग तीनवर आपणहून उतरला होता. कार्डावर त्याने पुढे लिहिलं होतं: सिस्टरने ऐकलं.

घरी पहिल्या सकाळी चमचा ओट्यावर पडला आणि तो खुर्चीतून उडालाच. कागद कडकडत होते, नळ फुत्कारत होता, स्वतःच्या चपला वाजत होत्या. "चहा!" बायको त्याच्यापासून दोन हातांवर उभी राहून ओरडली. यंत्रातून ते थेट मेंदूत गेलं. "साखर कमी घातलीय!" तेही गेलं.

हळू बोल, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने कप उचलला आणि ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं. तीन वर्षांची सवय होती ती, आणि त्याच्यासाठीच लागलेली. बटण दाबून पुसायची नव्हती. आपणहून खाली येईल तेव्हा येईल.

आठवडाभर तो ओरडा सोसत राहिला. मग हळूहळू उतार पडायला लागला. ती एक वाक्य मोठ्याने सुरू करायची आणि निम्म्यात त्याच्याकडे बघून आवाज उतरवायची. दहाव्या-अकराव्या दिवशी सकाळी तो दाराशी बसून बूट बांधत होता. बायको ओट्याशी त्याच्याकडे पाठ करून डब्याचं झाकण पुसत होती. धूर ओढणारा पंखा चालू होता; पहिले काही दिवस यंत्रातून त्याचाच गोंगाट भरून राहायचा, आता कान त्याला सरावले होते. त्या पंख्याच्या आवाजाखालून, तिच्या जुन्या, लग्नानंतरच्या वर्षांतल्या आवाजात, कुणाला उद्देशून नसल्यासारखं आलं:

"दुपारी घरी येताय का जेवायला?"

विचारून ती थांबलीही नव्हती. डबा भरायला तिने पोळ्या हातात घेतल्याही होत्या.

कानसेनचे हात बुटाच्या नाडीवर थांबले. "येतो," तो म्हणाला.

बायको वळली. पोळ्या तशाच हातात होत्या. "ऐकू गेलं तुम्हाला?"

"रोज विचारायचीस?"

"रोज." तिने पोळ्या खाली ठेवल्या. "उत्तर येईना. मला वाटलं, यायचं नसेल तुम्हाला. ओरडून विचारण्यासारखी ती गोष्ट नव्हती."

त्याने अर्धवट राहिलेली नाडी बांधली. बायकोने पंखा बंद केला आणि डबा रिकामाच फळीवर ठेवून दिला.

दीड वाजता कानसेनने हात धुतले, गॅरेज मेहुण्यावर सोपवलं आणि तो चालत घरी गेला.